हिरा नको, मग कोणता खडा? : साखरपुड्याच्या अंगठीचा खानदेशातून आढावा

पूर्वी लग्न ठरले की दागिन्यांची यादी घरातल्या बायका करायच्या आणि सराफाकडे वडीलधारे जायचे. आता दीपनगरच्या वसाहतीत, भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये, वरणगावच्या आयुधनिर्माणीच्या कॉलनीत मुलगा-मुलगी आपली अंगठी आपणच ठरवतात. त्यांच्यातले बरेच जण सरळ सांगतात की सगळ्यांच्या बोटात असते तशी हिऱ्याची अंगठी आम्हाला नको. कुणाला निळा खडा हवा असतो, कुणाला काळसर ठिपक्यांचा हिरा, तर कुणाला खड्याविना नुसती वेढणी. फोटो मोबाइलमध्ये तयार असतो. मग घरातून विचारणा होते, "निळा खडा? पत्रिका दाखवली का?" सराफ विचारतो, "मोडीला काय येईल, याचा विचार केलाय का?" हे दोन्ही प्रश्न रास्तच आहेत. पण सगळ्यात आधी विचारायचा प्रश्न बहुधा राहूनच जातो : हा खडा आपल्या हवेत, आपल्या कामाच्या हातावर किती वर्षे टिकेल?

या आढाव्यात तो प्रश्न मी पुढे घेणार आहे. वेगळा खडा जरूर घ्यावा, वेगळी घडणही जरूर करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. फक्त निवड फोटो पाहून न करता हात पाहून करावी.

आधी हिऱ्याविषयी. साखरपुड्याला हिराच हवा, ही समजूत आपल्याकडे जुनी नाही. साखरपुड्याचे मूळ साहित्य म्हणजे साखरेचा पुडा, साडी, नारळ, हळदकुंकू. चार माणसांसमोर शब्द पक्का व्हायचा. अंगठी आली ती नंतर, आणि हिऱ्याची अंगठी त्याहूनही नंतर. पाश्चात्त्य देशांतही हा हट्ट विसाव्या शतकातल्या जाहिरातींनी रुजवला. दक्षिण आफ्रिकेत १८६०च्या दशकाच्या अखेरीस हिऱ्यांचे मोठे साठे सापडले आणि हिरा पूर्वीइतका दुर्मीळ राहिला नाही. पुढे डी बीअर्स कंपनीने पुरवठा हातात ठेवला आणि १९४७ साली हिरा कायमचा असतो, या अर्थाचे आपले प्रसिद्ध जाहिरातवाक्य बाजारात आणले. जपानचे उदाहरण तर फारच बोलके आहे. तिथे १९६७ मध्ये वाग्दत्त वधूंपैकी पाच टक्क्यांहूनही कमी जणींना हिऱ्याची अंगठी मिळत असे, १९८१ पर्यंत हे प्रमाण साठ टक्क्यांवर गेले. चौदा वर्षांत एका देशाची रीत बदलली आणि तीही दुकानदाराच्या सोयीने. म्हणून हिरा नाकारणाऱ्या मुलीला घरात कुणी 'परंपरा मोडते' असे म्हणू नये.

उलट खानदेशाच्या मातीत रत्नांची आणि मण्यांची आठवण फार खोल आहे. चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणे इथे १९७०च्या दशकात पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांनी उत्खनन केले. त्यात शहामृगाच्या अंड्याच्या कवचापासून केलेले मणी आणि कोरीवकाम असलेला कवचाचा तुकडा मिळाला. त्याचा काळ सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वीचा मानला जातो. म्हणजे खानदेशातला आपल्याला ठाऊक असलेला सर्वांत जुना दागिना ना सोन्याचा आहे ना हिऱ्याचा. तो कवचाचा आहे.

त्याच परिसरात पाटणादेवीला तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी स्थापलेल्या मठाची नोंद त्यात आहे. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त रत्नांचे एक सुंदर गणित आहे. चार व्यापारी असतात. एकाकडे आठ माणके, दुसऱ्याकडे दहा इंद्रनील, तिसऱ्याकडे शंभर मोती आणि चौथ्याकडे पाच हिरे. प्रत्येक जण बाकीच्या तिघांना आपल्याजवळचे एकेक रत्न देतो आणि चौघांची संपत्ती सारखी होते. तर प्रत्येक रत्नाची किंमत काय? मोत्याची किंमत एक धरली तर नीलमाची सोळा, माणकाची चोवीस आणि हिऱ्याची शहाण्णव येते. हे कोडे आहे, त्या काळचा बाजारभाव नव्हे. तरी नऊशे वर्षांपूर्वीच्या विद्यार्थ्यापुढे चारही रत्ने एकाच व्यवहारात, एकाच मानाने ठेवलेली आहेत, हे मला महत्त्वाचे वाटते. त्यात नीलम हा हिऱ्याचा 'पर्याय' नाही, ते स्वतःच्या जागी असलेले रत्न आहे.

आता घरातली मोठी अडचण. महाराष्ट्रात रंगीत खडा म्हटला की ग्रह आठवतो. माणिक सूर्याचे, मोती चंद्राचा, पोवळे मंगळाचे, पाचू बुधाचा, पुष्कराज गुरूचा, हिरा शुक्राचा, नीलम शनीचा, गोमेद राहूचा आणि लसण्या केतूचा. त्यातही नीलमाची धास्ती सर्वांत जास्त. लाभला तर राजा करतो, नाही लाभला तर होत्याचे नव्हते करतो, असे घरोघरी ऐकलेले असते. खड्यातून शनी बोटात उतरतो, यावर माझा विश्वास नाही. पण लग्नघरात आईच्या किंवा होणाऱ्या सासूबाईंच्या मनात बसलेली भीती खरी असते आणि ती मनात ठेवून साखरपुडा करण्यात कुणाचेच भले नाही. पहिल्या वर्षी घरात काही विपरीत घडले, तर बोट त्या अंगठीकडेच दाखवले जाईल. तेव्हा बोलणे खरेदीच्या आधी व्हावे. घरच्यांचे मन तयार होत नसेल, तर नऊ रत्नांच्या बाहेरचा खडा घ्यावा. निळ्या, गुलाबी, लाल अशा अनेक छटांत मिळणारा स्पिनेल हा त्यातला सर्वांत चांगला. ब्रिटनच्या राजमुकुटात समोर बसवलेला, शतकानुशतके 'माणिक' म्हणून मिरवलेला मोठा लाल खडा प्रत्यक्षात स्पिनेल आहे. फिक्या समुद्री निळाईचा ॲक्वामरीन आणि नाना रंगांची टूरमलीन हेही आहेत. ज्योतिषी उपरत्नांची यादी काढतीलच, पण तिथे धास्ती बरीच कमी असते.

आता टिकाऊपणा. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण अंगठी हा सर्वांत जास्त मार खाणारा दागिना आहे. कानातले डूल किंवा गळ्यातले पदक कुठे आपटत नाही. अंगठी भांड्याला लागते, मोटारसायकलच्या हँडलला घासते, भिंतीवर आपटते, साबणात बुडते. फ्रीडरिख मोह्स या जर्मन खनिजतज्ज्ञाने १८१२ साली खनिजांच्या कठीणपणाची एक ते दहा अशी श्रेणी लावली. तिच्यात हिरा दहावर, नीलम आणि माणिक नऊवर, स्पिनेल आणि पुष्पराग म्हणजे टोपाझ आठवर, पाचू साडेसात ते आठ, स्फटिक सातवर, चंद्रकांत मणी सहाच्या आसपास, ओपल साडेपाच ते साडेसहा, फिरोजा पाच ते सहा आणि मोती तर अडीच ते साडेचार. यातला सातचा आकडा लक्षात ठेवावा. आपल्या रोजच्या धुळीत स्फटिकाचे म्हणजे वाळूचे बारीक कण असतात आणि त्यांचा कठीणपणा सात असतो. सातपेक्षा मऊ खडा कोरड्या फडक्याने पुसला की ती धूळच त्याला कानशीसारखी घासते. दोन-तीन वर्षांत वरचा तजेला जातो, कडा बोथट होतात, आणि मग 'सराफाने फसवले' असे म्हटले जाते.

दीपनगरला याचे महत्त्व आणखी आहे. इथे औष्णिक वीज केंद्र आहे, कोळसा जळतो, राख निघते. दगडी कोळशाच्या राखेत सिलिका आणि ॲल्युमिनाचे प्रमाण मोठे असते, त्यात स्फटिकाचे कणही असतात. खिडकीच्या चौकटीवर बोट फिरवले की ती बोटाला लागते. ती खड्यावरही बसते. इथे राहणाऱ्या मुलीने चंद्रकांत मण्याची किंवा ओपलची अंगठी रोजच्या वापरासाठी घेऊ नये, असे मी ठामपणे सांगेन. आणि खडा कुठलाही असो, आधी पाण्याखाली धरावा, मग पुसावा.

दुसरा शत्रू ऊन. भुसावळ-जळगाव पट्ट्यात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, हे नवे सांगायला नको. ओपलच्या अंगातच पाणी असते. कोरड्या तापलेल्या हवेत ते कमी झाले की खड्यावर बारीक भेगांचे जाळे पडू शकते आणि मग त्याला इलाज नाही. पाचूच्या बाबतीत अडचण वेगळी. निसर्गतः पाचूत भेगा असतात, आणि त्या दिसू नयेत म्हणून त्यात तेल मुरवण्याची पद्धत जुनी आणि बाजारात सर्वमान्य आहे. उष्णतेने, साबणाने, पाण्यात ठेवून यंत्राने साफ केल्याने ते तेल निघते आणि दडलेली भेग उघडी पडते. सासरी स्वयंपाक करणाऱ्या हातात पाचूची अंगठी असेल, तर तापलेल्या तव्याजवळचा हात लगेच थंड पाण्याखाली धरणे टाळावे. पाचू सुंदर आहे, त्याच्या हिरव्याला तोड नाही. पण तो सणावाराला घालायचा खडा आहे.

तिसरी गोष्ट कामाची. वीज केंद्रात, रेल्वेच्या कारखान्यात, आयुधनिर्माणीत काम करणाऱ्या माणसाने कामावर अंगठी घालूच नये. फिरत्या यंत्रात, शिडीच्या खिळ्यात, उडी मारताना एखाद्या कडेत अंगठी अडकली, तर बोटाची कातडी सोलून निघते, कधी बोटच जाते. चालू विजेच्या तारेजवळ धातूची अंगठी म्हणजे भाजण्याला आमंत्रण. हे मुलाला लागू आहे तितकेच आता मुलीलाही लागू आहे, कारण मुलीही तंत्रज्ञ आणि अभियंता म्हणून त्याच दारातून आत जातात. अशा जोडप्याने पाच-सातशे रुपयांची सिलिकॉनची अंगठी कामासाठी घ्यावी आणि साखरपुड्याची अंगठी घरी जपावी. कामावर काढून ठेवायचीच असेल, तर तिथे खिशात किंवा डब्यात न ठेवता घरी ठेवावी. हरवलेल्या अंगठ्यांपैकी बऱ्याचशा अशाच खिशांतून जातात.

या कसोट्या लावल्या, की यादी आपोआप आखडते. माझ्या मते रोजच्या वापरासाठी पहिला क्रमांक नीलमाच्या कुळाचा. कुरुविंद या एकाच खनिजाचे हे रंग : लाल ते माणिक, पिवळा तो पुष्कराज, बाकी निळे, गुलाबी, जांभळे, हिरवट निळे. १९८१ साली ब्रिटनच्या राजकुमारी डायना यांच्या बोटात आलेला बारा कॅरेटचा निळा खडा श्रीलंकेचा नीलम होता, आणि २०१० मध्ये तोच त्यांच्या मुलाने आपल्या वाग्दत्त वधूला दिला. मोरपंखी किंवा करड्या-निळ्या छटेचे नीलम गडद निळ्यापेक्षा बरेचदा स्वस्त मिळतात आणि बोटावर अधिक उठून दिसतात. माणकाबाबत मात्र सावध राहावे. भेगांत शिशाची काच भरून चमकवलेली माणके बाजारात भरपूर आहेत. ती दिसायला टपोरी आणि भावाने फारच स्वस्त असतात. सोनाराच्या दिव्याची आच लागली, की काच बिघडते. नुसते तापवून रंग खुलवलेले नीलम वा माणिक हा प्रकार वेगळा. ती प्रक्रिया टिकाऊ असते आणि तिला जगभर मान्यता आहे. फरक एवढाच की ती बिलावर लिहिलेली असावी.

प्रयोगशाळेत घडवलेल्या हिऱ्याविषयी खानदेशात आता सगळ्यांत जास्त विचारणा होते, आणि त्याला कारणही आहे. ताप्ती खोऱ्याच्या रेल्वेने जोडलेले सुरत आपल्याला मुंबईपेक्षा जवळचे. जळगाव-धुळ्याची कितीतरी कुटुंबे सुरतच्या उधना-लिंबायत भागात स्थायिक झालेली आहेत. जगातल्या दर दहा हिऱ्यांपैकी जवळपास नऊ हिऱ्यांना सुरतेत पैलू पडतात आणि आता तिथेच हिरे 'उगवतात'ही. कार्बनयुक्त वायूतून थरावर थर चढवून किंवा प्रचंड दाब आणि उष्णतेखाली हा हिरा तयार होतो. रसायन, कठीणपणा, चमक सगळे खाणीतल्या हिऱ्यासारखेच असते. साध्या भिंगाने दोघांत फरक कळत नाही, त्यासाठी प्रयोगशाळेचे यंत्र लागते. केंद्र सरकारने २०२३-२४च्या अर्थसंकल्पात या हिऱ्यांच्या बीजावरचे आयात शुल्क काढून टाकले. त्याच वर्षी जूनमध्ये पंतप्रधानांनी अमेरिकेच्या तत्कालीन अध्यक्षांच्या पत्नीला साडेसात कॅरेटचा असाच हिरा भेट दिला, तेव्हापासून हे नाव गावोगावी पोचले. माझा सल्ला : चमक हवी, टिकाऊपणा हवा आणि खाणीतल्या हिऱ्याचा भाव परवडत नाही किंवा खाणींचा इतिहास मनाला पटत नाही, तर हा हिरा खुशाल घ्यावा. मात्र त्याचे भाव गेल्या काही वर्षांत वेगाने उतरले आहेत आणि उत्पादन वाढेल तसे आणखी उतरू शकतात. आज दिलेले पैसे परत मिळतील, ही आशा त्यात ठेवू नये.

मॉयसनाइट हा त्याचा शेजारी. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आंरी मॉयसां यांना १८९३ मध्ये अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या उल्काविवरातल्या नमुन्यांत हे खनिज मिळाले. आज दागिन्यांत येते ते सगळे कारखान्यातले. कठीणपणा सव्वानऊ, म्हणजे हिऱ्याखालोखाल. इंद्रधनुषी झगमगाट हिऱ्याहून दुपटीपेक्षा जास्त. हे ओळखायची एक सोपी रीत आहे. दहापट मोठे दाखवणारे भिंग डोळ्याजवळ धरावे, खडा किंचित तिरका करावा आणि वरच्या पैलूतून तळाकडे पाहावे. मॉयसनाइटमध्ये तळाच्या पैलूंच्या रेषा दुहेरी दिसतात, एकीला लागून दुसरी. हिऱ्यात त्या एकेरीच राहतात. सराफाकडे भिंग मागावे. चांगला सराफ आनंदाने देतो. मॉयसनाइट घेण्यात काहीच कमीपणा नाही. तो हिरा म्हणून आणि हिऱ्याच्या भावात गळ्यात मारला गेला, तर तक्रार करावी.

काळसर ठिपक्यांचे, करड्या धुक्यासारखे हिरे शहरांतून आता इकडे येऊ लागले आहेत. पूर्वी हे हिरे अवजारांकडे जायचे. त्यांच्यातला प्रत्येक निराळा असतो. तीच त्यांची गोडी. फक्त आतली भेग वरच्या पृष्ठापर्यंत आलेली नाही, हे तपासून घ्यावे. गुलाबी झाक असलेला तामडा, जांभळा जमुनिया, पिवळा सुनेला हे खडे स्वस्त आणि देखणे आहेत. सातच्या आसपास असल्याने रोज घातल्यास दहा वर्षांत पुन्हा घासून घ्यावे लागतील, एवढे धरून घ्यावेत. अकीक मला व्यक्तिशः फार आवडतो. दख्खनच्या काळ्या खडकाच्या पोकळ्यांत तयार होणारा हा दगड आहे. तो चिवट असतो, सहज तुटत नाही. त्याचे पट्टे कधी सारखे नसतात. पूर्ण अंगठी दहा-पंधरा हजारांत बसवायची असेल, तर चांदीत किंवा कमी वजनाच्या सोन्यात अकीकासारखा खडा नाही.

आपल्या जिल्ह्याच्या स्फटिकांविषयी लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि त्या पोकळ्यांत पुढे स्फटिक वाढले. जळगाव परिसरातल्या दगडखाणींतून निघालेले पीच रंगाचे स्टिल्बाइट, काचेसारखे ॲपोफिलाइट, ह्यूलंडाइट जगभरच्या संग्रहालयांत आणि संग्राहकांच्या कपाटांत आहेत. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ते आपल्याला नीट पाहायला मिळतात. साहजिकच आपल्याच मातीचा खडा अंगठीत बसवावा, असे एखाद्या जोडप्याला वाटते. विचार मोलाचा आहे, पण खडा तसा नाही. स्टिल्बाइट आणि ह्यूलंडाइट साडेतीन ते चार, ॲपोफिलाइट फार तर पाच, आणि एका दिशेने टिचकीसरशी पापुद्रा सुटावा इतके ठिसूळ. अंगठीत महिनाभरही टिकणार नाही. त्याचे बंद कोंदणातले पदक करावे, किंवा दगडासकट अख्खा गुच्छ घ्यावा आणि नव्या घरात काचेच्या पेटीत ठेवावा. मोत्याचेही तसेच. नथीत, कुड्यांत मोती शोभतो आणि टिकतो. बोटावर घाम, साबण, अत्तर त्याची कांती खातात.

घडणीकडे वळू. इथेही फोटोतली कल्पना आणि आपल्या कारागिराचा हात यांची गाठ घालावी लागते. परदेशी चित्रांत खडा चार नाजूक पंज्यांवर उंच उभा असतो. दिसायला देखणा, पण तो पंजा ओढणीत अडकतो, केसांत अडकतो, सैल होतो आणि एक दिवस खडा गायब. मळलेल्या कणकेत तो सापडला तर नशीब. कामाच्या हातासाठी कोंदणच खरे. जळगावच्या सराफ बाजारामागच्या खोल्यांत, जिथे बहुतेक कारागीर बंगाली आहेत, हे काम जवळून पाहावे. अंगठी लाखेच्या दांड्यावर पक्की रोवलेली असते. खड्याच्या कमरेएवढी बैठक आधी कोरलेली असते. कारागीर खडा तिच्यात ठेवतो, पुन्हा काढतो, केसभर कोरतो, पुन्हा ठेवतो. हलत नाही असे झाले की मग सोन्याची पातळ कड बारीक पोलादी हत्याराने आधी समोरासमोरच्या चार ठिकाणी आत दाबतो आणि नंतर मधली जागा भरत सगळीकडून वळवतो. एकाच बाजूने दाबत गेले तर खडा तिरका बसतो किंवा कड चुरगळते. शेवटी कड आणि खडा यांच्यात नखही जात नाही. असा खडा वीस वर्षे हलत नाही. खड्याचा परीघ थोडा झाकला जातो, खालून प्रकाश कमी येतो, हे खरे. त्यावर उपाय म्हणजे मागची बाजू उघडी ठेवणे.

कोंदणात खडा आडवा बसवता येतो, सहाकोनी बसवता येतो, वर पैलू न पाडता गुळगुळीत घुमटासारखाही ठेवता येतो. दोन खडे शेजारी, एक त्याच्या आवडीचा आणि एक तिच्या, ही घडण तर सव्वादोनशे वर्षांची. नेपोलियनने १७९६ मध्ये जोसेफीनला दिलेल्या अंगठीत एक नीलम आणि एक हिरा समोरासमोर होते. आणि खडाच नको असेल, तर आपली वेढणी आहेच. सोन्याच्या तारेचे वळसे बोटाभोवती घेतलेली ही अंगठी आज्यांच्या बोटात असायची. तिला माप जुळवायची चिंता कमी, अडकायला काही नाही, आणि मोडीला सोन्याचा भाव शाबूत. आज कुणी 'काहीतरी वेगळे' मागायला आले, तर सराफांनी आधी वेढणी दाखवावी, असे मला वाटते. आजीची फुटकी पाटली किंवा एकटी राहिलेली कुडी वितळवून त्याच सोन्याची अंगठी करून घेणे हाही फार चांगला मार्ग आहे. तेव्हा आपल्यासमोर वजन करून, वितळवल्यावरची घट लिहून घ्यावी.

सोने किती कॅरेटचे, यावर घरात वाद होतो. बावीस कॅरेटचीच सवय, आणि जळगावची ख्याती तर शुद्ध सोन्यासाठीच. राजमल लखीचंद यांची पेढी १८५४ची. पण बावीस कॅरेटमध्ये ९१.६ टक्के सोने असते आणि ते मऊ असते. खडा धरून ठेवायला अठरा कॅरेट, म्हणजे पाऊण भाग सोने, अधिक चांगले. चौदा त्याहून कडक. एप्रिल २०२५ मध्ये दहा ग्रॅम सोने पहिल्यांदा लाखाच्या घरात गेले आणि त्यानंतर ते आणखी चढले. तेव्हा अठरा कॅरेटने खिशालाही थोडा आधार मिळतो. साध्या वेढणीला मात्र बावीसच शोभते. टायटॅनियम आणि टंगस्टनच्या अंगठ्या मुलांसाठी निघाल्या आहेत. त्यांचे माप नंतर बदलता येत नाही, एवढे माहीत असू द्यावे. माप घेताना सकाळची थंड वेळ टाळावी. आपल्याकडच्या उन्हाळ्यात बोटे फुगतात, आणि डिसेंबरात घेतलेल्या मापाची अंगठी मे महिन्याच्या साखरपुड्यात सांध्यापाशीच अडते.

आता बिल. खड्याच्या अंगठीत फसवणूक होते ती इथे, आणि बहुतेक वेळा अज्ञानामुळे. जून २०२१ पासून देशातल्या २५६ जिल्ह्यांत हॉलमार्किंग सक्तीचे झाले आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकी एचयूआयडी क्रमांकाशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. अंगठीच्या आतल्या बाजूला बीआयएसचे चिन्ह, शुद्धता आणि हा क्रमांक असतो. बीआयएस केअर ॲपवर तो टाकला की दागिन्याची नोंद दिसते. दोन ग्रॅमपेक्षा हलक्या दागिन्याला यातून सूट आहे आणि नाजूक अंगठ्या नेमक्या त्यात मोडतात, तेव्हा तिथे शुद्धता बिलावरच लिहून घ्यावी. पण हॉलमार्क सोन्याचा असतो. खड्याविषयी तो काहीही सांगत नाही.

म्हणून बिलावर अंगठीचे एकूण वजन, खड्याचे वजन, निव्वळ सोन्याचे वजन, घडणावळ आणि खड्याची किंमत वेगवेगळी हवी. खडा सोन्याच्या भावात तोलला गेला, तर नुकसान तिथेच झाले. खड्याचे वजन कॅरेटमध्ये मागावे, एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम. रत्तीत बोलणे आपल्याकडे अजून चालते, पण कच्ची रत्ती सुमारे ०.१२ ग्रॅम आणि पक्की सुमारे ०.१८ ग्रॅम धरतात, आणि कुठली चालू आहे हे गिऱ्हाइकाला क्वचितच सांगितले जाते. खड्याचे नाव, तो नैसर्गिक की प्रयोगशाळेतला, त्याला तापवले आहे की त्यात काही भरले आहे, हेही लिहून घ्यावे. खड्याची किंमत वीस-पंचवीस हजारांच्या वर जात असेल, तर प्रयोगशाळेच्या प्रमाणपत्राशिवाय घेऊ नये. रंगीत खड्यांसाठी जयपूर आणि मुंबईच्या प्रयोगशाळा जुन्या आणि विश्वासाच्या आहेत.

मोडीचा प्रश्न सराफ विचारतो, तो योग्यच. त्याचे उत्तर इतकेच की मोड सोन्याची येते, खड्याची जवळजवळ येत नाही, मग तो हिरा असो की नीलम. खानदेशात सोने ही अडीनडीची ठेव आहे. कापसाचा किंवा केळीचा भाव पडला, की पाटल्या तारण जातात. ते सोने वेगळे ठेवावे, अंगठीत त्याचा हिशेब मिसळू नये. अंगठीसाठी ठरवलेल्या रकमेतली जी खड्यावर जाईल, ती खर्च झाली असे समजूनच द्यावी. हे मान्य नसेल, तर वेढणी घ्यावी.

दीपनगर-भुसावळसारख्या ठिकाणी रोज घालायच्या अंगठीसाठी माझी निवड अशी : अठरा कॅरेट सोने, बसके बंद कोंदण, त्यात एक ते दीड कॅरेटचा नीलम किंवा स्पिनेल, घरच्यांना आणि मुलीला दोघांना पटेल त्या रंगाचा. चमकच हवी असेल तर प्रयोगशाळेतला हिरा. पाचू, ओपल, मोती आणि जळगावचे स्फटिक अंगठीत नकोत, पदकात घ्या. आणि मुलाकडच्यांना एक विनंती : अंगठी आधीच ठरवून अचानक समोर ठेवू नका. बोट तिचे आहे, तेव्हा सराफाच्या दुकानात तिला सोबत न्या, खडा तिच्या हातावर दिवसाच्या उजेडात पाहा, आणि बिल वाचूनच पैसे द्या.